वर जाणाऱ्या बाणाचा इतिहास

१/
डेटाबेसशी टर्मिनलवरून बोलणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांना एक सवय जडलेली असते. वरच्या बाणाची कळ दाबावी आणि मागची आज्ञा पुढ्यात यावी. एके दिवशी ती येत नाही. कधी पडद्यावर अनाकलनीय चिन्हे उमटतात, कधी जुन्या आज्ञांमध्ये ०४० हा आकडा जागोजागी पेरलेला दिसतो, तर कधी काहीच उरलेले नसते. हा बिघाड यंत्राचा वाटतो. त्याची मुळे मात्र पुष्कळदा परवान्यांच्या एका जुन्या वादात सापडतात. आजचा धागा त्या वादाविषयी.

२/
आरंभी संगणकाशी संवाद टेलिटाइपवर चाले. हे यंत्र कागदावर सेकंदाला सुमारे दहा अक्षरे छापी. छापलेली ओळ मागे जाऊन दुरुस्त करणे अशक्यच. त्यामुळे जुनी आज्ञा पुन्हा द्यायची, तर ती संपूर्ण पुन्हा टंकावी लागे. कागदाचा गुंडाळा सर्व काही जपून ठेवी, पण त्यातले काहीही यंत्राला परत वाचता येत नसे.

३/
बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात बिल जॉय यांनी सी-शेल लिहिले. १९७९ मध्ये ते बर्कली युनिक्सच्या दुसऱ्या वितरणातून सर्वदूर पोहोचले. त्यात दोन उद्गारचिन्हे लिहिली की मागची आज्ञा पुन्हा चाले. शेलला स्मरणशक्ती आली, पण ओळीत मागेपुढे फिरून दुरुस्ती करण्याची सोय अजून नव्हती. १९८३ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या डेव्हिड कॉर्न यांनी आपले शेल जाहीर केले. त्यात जुनी ओळ समोर आणून तिच्यातले अक्षर न् अक्षर बदलता येई.

४/
पुढचा टप्पा ग्नू प्रकल्पाचा. ब्रायन फॉक्स यांनी बॅश हे शेल लिहिताना ओळ-संपादनाचा भाग वेगळा काढला. हीच रीडलाइन लायब्ररी. आता प्रत्येक प्रोग्रामने बाणकळीचा अर्थ नव्याने शिकण्याची गरज उरली नाही. रीडलाइन जोडली की स्मृती तयार मिळे. पुढे तिची देखभाल चेट रेमी यांच्याकडे आली.

५/
या देणगीला एक अट होती. रीडलाइनचा परवाना होता जीपीएल. तिच्याशी जोडलेला प्रोग्राम वितरित करायचा, तर तोही जीपीएलच्या अटींनुसार खुला करावा लागे. रिचर्ड स्टॉलमन यांनी हे जाणीवपूर्वक केले होते. १९९९ च्या एका लेखात त्यांनी रीडलाइनचेच उदाहरण देऊन भूमिका मांडली : जी सोय अन्यत्र सहज मिळत नाही, ती मुक्त सॉफ्टवेअरसाठी राखून ठेवावी, म्हणजे इतरांना मुक्ततेकडे येण्याचे कारण मिळेल.

६/
या धोरणाचा प्रसिद्ध प्रसंग १९९२ चा. जर्मनीतील ब्रुनो हायब्ले हे सीलिस्प या लिस्प भाषेच्या आविष्काराचे एक कर्ते. सीलिस्प रीडलाइन वापरत होते, पण जीपीएलखाली नव्हते. स्टॉलमन यांनी आक्षेप घेतला आणि दोघांत पत्रव्यवहार झाला. जोडणी वापरकर्त्याने स्वतः केली तर अट लागू होते का, हा त्यातला कळीचा प्रश्न. अखेरीस सीलिस्प जीपीएलखाली आले. हा प्रश्न लक्षात ठेवा. एकोणीस वर्षांनी तो पुन्हा भेटणार आहे.

७/
बर्कली परंपरेतील मंडळींना असे बंधन नको होते. त्यांचा परवाना म्हणे : घ्या, वापरा, हवे ते करा, फक्त श्रेय राखा. कॉर्नेल विद्यापीठातील ख्रिस्तोस झुलास यांनी बर्कलीला एक स्वतंत्र ओळ-संपादक दिला. त्यातून लिबएडिट रूढ झाली. अशा रीतीने एकाच कामाच्या दोन लायब्ऱ्या झाल्या. बाहेरून त्या जुळ्या बहिणी, पण त्यांच्या वह्या लिहिण्याच्या पद्धती निराळ्या.

८/
आता डेटाबेस. पोस्टग्रेसचा जन्मही बर्कलीचा. मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला. १९९४ मध्ये अँड्र्यू यू आणि जॉली चेन या विद्यार्थ्यांनी त्याला एसक्यूएल भाषा दिली. त्या पोस्टग्रेस९५ सोबत पीएसक्यूएल हा क्लायंट आला, आणि त्याने रीडलाइन वापरली. बर्कलीच्या सैल परवान्याचा प्रोग्राम आणि ग्नूच्या अटीची लायब्ररी एका घरात नांदू लागल्या. दोघींचे परवाने परस्परांना चालणारे होते. तंटा तिसऱ्यामुळे झाला.

९/
तो तिसरा म्हणजे ओपनएसएसएल, सुरक्षित जोडणीसाठी लागणारी लायब्ररी. तिच्या जुन्या परवान्यात जाहिरातीत श्रेय देण्याचे कलम होते, आणि ते जीपीएलशी विसंगत मानले जाई. पीएसक्यूएल दोन्ही लायब्ऱ्यांना जोडलेला. परवान्यांबाबत काटेकोर असलेल्या डेबियनने ही जोडणी अमान्य ठरवून रीडलाइनच्या जागी लिबएडिट बसवली. फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या डेबियनच्या सहाव्या आवृत्तीच्या सुमारास हा वाद ऐरणीवर आला.

१०/
कायदा सांभाळला गेला, पण झळ बसली ती लिहिणाऱ्यांना. त्या वेळी डेबियनमध्ये असलेल्या लिबएडिटला एकाहून अधिक बाइटांची अक्षरे पेलत नव्हती. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक वर्णचिन्हाला तीन लागतात. 'पुणे' हा शब्द आपल्या दृष्टीने दोन अक्षरांचा, यंत्राच्या दृष्टीने चार चिन्हांचा, म्हणजे बारा बाइटांचा. एका बाइटालाच अक्षर समजणाऱ्या संपादकात अशी ओळ दुरुस्त करणे म्हणजे अक्षराचे तुकडे हाती येणे. परवान्यातील एका कलमाने इंग्रजीबाहेरच्या भाषांची अशी अडचण केली.

११/
तोडगा चतुर होता. डेबियनने पॅकेज बांधताना लिबएडिटच ठेवली. पण वापरकर्त्याच्या संगणकावर रीडलाइन आढळली, तर प्रोग्राम सुरू होताना ती आधी चढवायची. जोडणी वितरकाने केलेली नाही, ती चालवणाऱ्याच्या घरी होते! १९९२ च्या त्या प्रश्नाचे हे जणू पुनरागमन. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये ओपनएसएसएलची तिसरी आवृत्ती अपाची परवान्याखाली आली आणि विसंगतीचे हे मूळच गेले.

१२/
हा इतिहास ठाऊक असला की बिघाडाची चिकित्सा सोपी होते. इतिहासाचा अभ्यासक कागद हाती आला की आधी लिपी, शिक्का आणि लेखक तपासतो. येथेही तेच करावे.
• बाण दाबताच टोपीचे चिन्ह, दोन चौकटी कंस आणि रोमन लिपीतील पहिले अक्षर उमटले, तर प्रोग्रामला ओळ-संपादक जोडलेलाच नाही किंवा तो बंद केलेला आहे.
• शब्दांमध्ये उलटी तिरकी रेघ आणि ०४० दिसले, तर ती वही लिबएडिटची आहे. ती रिकामी जागा अष्टमान आकड्यात लिहिते. अष्टमान ४० म्हणजे आपले ३२, रिकाम्या जागेचा क्रमांक. तिच्या पहिल्या ओळीत 'हिस्टरी व्ही टू' असा शिक्काही असतो. मॅकवर लिबएडिटच असल्याने हा अनुभव तेथे विशेष येतो.

१३/
• वही कोरीच राहत असेल, तर मालकी पाहावी. प्रशासकाच्या अधिकाराने निर्माण झालेल्या फाइलमध्ये सामान्य वापरकर्त्याला लिहिता येत नाही.
• शेवटच्या सत्रातील आज्ञा नाहीत? पीएसक्यूएल वही लिहितो ती बाहेर पडताना. प्रक्रिया सक्तीने मारली गेली, तर ते सत्र नोंदीविना जाते.
• जुन्या आज्ञा गळाल्या? पीएसक्यूएलची प्रारंभीची मर्यादा ५०० नोंदींची आहे. ती वाढवता येते.
• क्रमावर विसंबू नये. एकाच वेळी दोन सत्रे चालू असतील, तर आधी संपलेले सत्र आधी नोंदले जाते, आणि नोंदींवर वेळ नसते. म्हणजे ही दैनंदिनी नव्हे. प्रसंग उरकल्यावर लिहिलेली बखर आहे.

१४/
काही गोष्टी वहीत न येणेच हिताचे. वापरकर्त्याचा पासवर्ड आज्ञेत लिहिला, तर तो साध्या मजकुरात फाइलमध्ये पडून राहतो. म्हणून मायएसक्यूएलच्या क्लायंटने ५.६ या आवृत्तीपासून पासवर्डविषयक शब्द असलेल्या आज्ञा नोंदीतून वगळायला आरंभ केला. पीएसक्यूएलमध्ये पासवर्ड बदलण्यासाठी स्वतंत्र आज्ञा आहे, तिच्यामुळे तो वहीत उमटत नाही. तेथे आरंभी रिकामी जागा सोडलेली ओळ न नोंदण्याची सोयही सुरू करता येते. एखादी नोंद आढळली नाही, म्हणजे ती आज्ञा दिलीच गेली नाही, असा निष्कर्ष म्हणूनच काढता येत नाही.

१५/
कागदाच्या गुंडाळ्यापासून बाणकळीपर्यंतच्या या प्रवासात यंत्राची स्मृती वाढत गेली. पण काय लक्षात राहावे, कोणत्या लिपीत राहावे आणि कोणत्या अटीवर राहावे, हे प्रत्येक वेळी माणसांनीच ठरवले. पुढच्या वेळी तो बाण रुसला, तर फाइल पुसून टाकण्याची घाई करू नका. आधी तिची एक प्रत करून ठेवा आणि पहिली ओळ वाचा. ती कोणाच्या हातची आहे, हे बहुधा तेथेच लिहिलेले असते.