जखमेचे द्रव्य आणि पोटगी : सैनिकाच्या विकलांगता वेतनावरील पत्नीच्या अधिकाराचा विचार

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबाद ज्या मुलखात वसले आहे, त्या मुलखाचा सैनिकी पेशाशी संबंध जुना आहे. 23 सप्टेंबर 1803 ची असईची लढाई याच परिसरात झाली. पुढे जालन्याच्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटचे ठाणे होते. ते दल 1903 मध्ये हिंदी सैन्यात विलीन झाले. लढाईत अवयव गमावलेल्या शिपायास सरकार जे द्रव्य देते ते कोणाचे, हा प्रश्न अशा मुलखात केवळ तात्त्विक राहत नाही. शिपाई हयात आहे, परंतु विवाह मोडला आहे, अशा वेळी त्या द्रव्यावर पत्नीचा अधिकार पोहोचतो काय, एवढ्याच मुद्द्याचा येथे विचार करावयाचा आहे.

मराठी साधनांत या विषयाचा प्राचीन उल्लेख सभासद बखरीत सापडतो. अफझलखानाच्या पाडावानंतर (1659) शिवाजी महाराजांनी जखमी लोकांना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत द्रव्य दिले. पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत चालविले आणि ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या स्त्रियांस निमे वेतन करून दिले, असे सभासद सांगतो. पेशवाईतील बालपरवेशीची नेमणूक याच परंपरेतली. या व्यवस्थेत जखमेचे द्रव्य पुरुषाचे आणि मृत्यूनंतरचे वेतन कुटुंबाचे, अशी विभागणी स्पष्ट आहे. मात्र नवरा जिवंत असता विभक्त झालेल्या स्त्रीला तीत स्थान दिसत नाही.

इंग्रजी अमदानीत या द्रव्याला कायद्याचे कवच मिळाले. 1871 च्या पेन्शन कायद्याने, पूर्वीच्या सेवेबद्दल अथवा शारीरिक दुर्बलतेबद्दल मिळणाऱ्या निवृत्तिवेतनावर धनकोच्या मागणीवरून जप्ती आणता येणार नाही, असे ठरविले. 1908 च्या दिवाणी व्यवहार संहितेच्या कलम 60 ने हेच तत्त्व पुढे चालविले, तर 1950 च्या सैन्य कायद्याच्या कलम 28 ने सेवेतील सैनिकाच्या पगारासही तसे संरक्षण दिले. सावकाराच्या तगाद्यापासून शिपायाचे अन्न वाचवावे हा यामागचा हेतू उघड आहे. पण त्यातूनच पुढचा पेच उद्भवला : पत्नी ही धनको आहे काय?

हसनाबादसारख्या गावी हा पेच न्यायालयात येण्यास विलंब लागला, कारण तेथील हिंदू स्त्रीस घटस्फोटाचा कायदाच नव्हता. मुंबई प्रांताने 1947 मध्ये केलेला हिंदू घटस्फोट कायदा निजामाच्या राज्यात लागू नव्हता. काही जातींत काडीमोड, फारकत व पाट यांची रूढी होती. इतरांस मार्ग नव्हता. 18 मे 1955 रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला आणि त्याच्या कलम 25 ने घटस्फोटानंतरच्या कायम पोटगीची तरतूद केली.

येथे शब्दांचा इतिहास उद्बोधक ठरतो. ‘फारकत’ हा शब्द फार्सी ‘फारिगखती’पासून आला. त्याचा मूळ अर्थ मोकळीक दिल्याचा लेख, म्हणजे देणे फिटल्याची पावती; पुढे तोच शब्द विवाहविच्छेदास लागला. ‘पोटगी’ हा शब्द मात्र पोटाशी निगडित आहे. पहिला शब्द हिशेब संपवितो. दुसरा भूक संपत नाही हे सांगतो. पत्नीचा दावा ‘फारकत’च्या अर्थाने पाहिला तर ती धनको ठरते आणि कवच तिच्या आड येते, ‘पोटगी’च्या अर्थाने पाहिला तर येत नाही.

कायद्याचा कल दुसऱ्या अर्थाकडेच दिसतो. जप्तीस मनाई करणाऱ्या सैन्य कायद्यानेच कलम 90 व 91 अन्वये पत्नी व मुलांच्या निर्वाहासाठी पगारातून कपात करण्यास मुभा दिली आहे. 1973 च्या फौजदारी संहितेच्या कलम 125 ने घटस्फोटितेसही निर्वाहाचा हक्क दिला; 2023 च्या नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम 144 मध्ये आला आहे. पोटगी मागणारी पत्नी धनको नव्हे, म्हणून निवृत्तिवेतनातून पोटगी वसूल करता येते, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2019 मध्ये दिला. तो विकलांगता वेतनाविषयी नव्हता. तथापि त्यातील तर्क तेथेही लागू पडण्यासारखा आहे.

अमेरिकेतील इतिहास तुलनेसाठी उपयुक्त आहे. तेथे 1982 च्या कायद्याने सैनिकी निवृत्तिवेतन घटस्फोटात वाटून देण्यास राज्यांच्या न्यायालयांना मोकळीक दिली. परंतु विकलांगतेपोटी मिळणारा भाग वाटपातून वगळला. सर्वोच्च न्यायालयाने 1989 व 2017 मध्ये हीच मर्यादा कायम केली. मात्र त्याच न्यायालयाने 1987 मध्ये मुलांच्या निर्वाहासाठी विकलांगता वेतनास हात लावता येतो असे ठरविले होते. म्हणजे जखमेचे द्रव्य मालमत्ता म्हणून विभागता येत नाही, पण अन्न म्हणून त्यात वाटा मागता येतो.

भारतात पतिपत्नींच्या मालमत्तेची अशी विभागणी हिंदू कायद्यास मान्य नाही. त्यामुळे येथे वादाचे सर्व ओझे पोटगीवरच पडते. घटस्फोटाने पत्नीचा कुटुंब निवृत्तिवेतनावरील हक्कही सामान्यतः संपतो. सभासदाने नोंदविलेले निमे वेतन विधवेपर्यंत पोहोचले, विभक्त स्त्रीपर्यंत पोहोचले नाही. ती उणीव आजवर एकट्या ‘पोटगी’ या शब्दानेच भरून काढली आहे. जखम शिपायाच्या देहावर असते हे खरे. पण त्या जखमी देहाची शुश्रूषा जिने वर्षानुवर्षे केली, तिच्या श्रमास कायद्याच्या परिभाषेत अद्याप स्वतंत्र नाव मिळालेले नाही.