ॲबिंग्डनची मोटार-मंडळी

गेल्या काही वर्षांत आपल्या शहरांतून धावणाऱ्या काही मोटारींच्या तोंडावर आठ कोनांच्या चौकटीत बसविलेली 'एम्. जी.' ही अक्षरे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असतील. ह्या मोटारी २०१९ पासून गुजरातेत हालोल येथे तयार होत आहेत, आणि त्या नावाची मालकी आज एका चिनी कंपनीकडे आहे. ती अक्षरे मुळात कशाची, हे त्या मोटारीत बसणाऱ्यांसही बहुधा ठाऊक नसते. इंग्लंडातील ऑक्सफर्ड शहरी विल्यम मॉरिस नावाच्या उद्योगी गृहस्थाचे मोटारी विकण्याचे व दुरुस्त करण्याचे दुकान होते, 'मॉरिस गॅरेजेस'. त्याचीच ही आद्याक्षरे. परंतु आज मला सांगावयाचे आहे ते दुकानाविषयी नव्हे, आणि फारसे मोटारीविषयीही नव्हे. त्या मोटारीच्या निमित्ताने एकत्र आलेल्या आणि कारखाना बुडाल्यावरही एकत्र राहिलेल्या मंडळींची ही हकीकत आहे.

१९२२ साली ह्या दुकानाचा व्यवस्थापक म्हणून सेसिल किंबर हा तरुण नेमला गेला. मालकाच्या साध्यासुध्या, संसारी मोटारींच्या सांगाड्यावर हलके, देखणे आणि चपळ शरीर चढवावे, ही त्याची हौस. १९२५ च्या 'लँड्स एंड' परीक्षा-प्रवासात त्याने स्वतः तयार केलेल्या मोटारीत बसून सुवर्णपदक मिळविले. पुढे १९२८ साली 'मिजेट' म्हणजे बुटकी ह्या नावाची एक चिमुकली मोटार त्याने बाजारात आणली. यंत्र अवघे ८४७ घनसेंटिमीटरचे, शरीर लाकडी चौकटीवर कापड ताणलेले, आणि किंमत १७५ पौंड. ही किंमत गरिबांस परवडण्याजोगी होती असे नाही. परंतु वेगवान मोटार ही तोवर सरदार-जमीनदारांच्या मुलांची मिरास होती, ती ह्या मिजेटने मध्यम स्थितीतील तरुणाच्या दारात आणून उभी केली. दुसऱ्याच वर्षी, १९२९ मध्ये, कारखाना ऑक्सफर्डच्या दक्षिणेस टेम्स नदीकाठी ॲबिंग्डन ह्या जुन्या गावी एका चामड्याच्या कारखान्याच्या इमारतीत हलला, आणि ते गाव ह्या मोटारीचे माहेर बनले.

आता मंडळाची गोष्ट. १९३० साली मोटारींना वाहिलेल्या एका साप्ताहिकात एका मालकाचे पत्र प्रसिद्ध झाले: आपणां एम्. जी. बाळगणाऱ्यांचे एक मंडळ का असू नये? त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लंडनच्या उत्तरेस स्टीव्हनेज गावानजीक 'रोबक' नावाच्या खाणावळीत काही मंडळी आपापल्या मोटारी घेऊन जमली, आणि 'एम्. जी. कार क्लब' जन्मास आला. त्या पहिल्या मंडळींत हिशेबतपासनिसांच्या पेढीत उमेदवारी करणारा जॉन थॉर्न्ली हा एकवीस वर्षांचा मुलगा होता. त्याने मंडळाचे चिटणीसपण अंगावर घेतले. पुढे वर्षभरात आकडेमोड सोडून तो कारखान्यातच नोकरीस लागला. १९५२ साली तोच कारखान्याचा मुख्य झाला आणि १९६९ पर्यंत त्या जागी राहिला. मंडळाचा चिटणीस म्हणून आलेला माणूस कारखान्याच्या गादीवर बसतो, असा योग उद्योगाच्या इतिहासात विरळा.

कारखान्याने मंडळास प्रोत्साहन दिले, ते केवळ औदार्याने असे समजणे भाबडेपणाचे होईल. संतुष्ट गिऱ्हाईक हेच चालते-बोलते जाहिरातपत्रक असते, हे किंबर पक्के ओळखून होता. परंतु व्यापाराच्या हिशेबाने लावलेल्या रोपट्यास फळ मात्र हिशेबापलीकडचे आले.

ही मंडळी जमून करीत काय? त्यांचा सर्वांत आवडता खेळ म्हणजे 'ट्रायल'. ही वेगाची शर्यत नव्हे. थंडी-पावसाच्या दिवसांत एखादी चिखलाची, दगडगोट्यांची, बैलगाडीसही कठीण अशी चढण निवडावयाची. ती न थांबता चढून जावयाचे. चाक थांबले की गुण गेले. चालकाशेजारी जो सोबती बसे त्याचे काम फार मौजेचे. मागील चाके घसरू लागली की त्याने आपल्या जागेवर दणादणा उड्या मारावयाच्या, म्हणजे चाकांवर भार पडून ती जमीन धरतात! शाळेत असे बाकावर उड्या मारणारे विद्यार्थी आम्हां शिक्षकांस पुष्कळ भेटले. त्यांच्या ह्या गुणाचा कोठे उपयोग आहे हे मात्र फार उशिरा कळले. चढणीवर अडकलेल्यास बाहेर काढण्यास त्याचेच प्रतिस्पर्धी दोरखंड घेऊन धावत, आणि मग सारी चिखलाने माखलेली पलटण जवळच्या खाणावळीत शेगडीभोवती बसे. १९३५ साली मॉरिसने एम्. जी. कंपनी आपल्या मोठ्या कंपनीस विकली आणि कारखान्याचे शर्यतखाते बंद झाले. तेव्हापासून पुष्कळ अंशी ह्या चिखलातल्या खेळानेच त्या नावाची शान राखली. कारखान्याच्या पाठबळाने, परंतु हौशी चालकांच्या हातून, दोन पथके त्या काळी गाजली: एक 'थ्री मस्केटिअर्स' आणि दुसरे 'क्रीम क्रॅकर्स'. ह्या दुसऱ्या पथकाच्या मोटारी सायीच्या व तपकिरी रंगाच्या असत, आणि नाव होते बिस्किटाचे.

हे सारे गड्यांचेच होते असे नव्हे. १९३५ साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत तीन मिजेट मोटारी सहा स्त्रियांनी चालविल्या, आणि तिन्ही शेवटपर्यंत पोहोचल्या.

मंडळाची स्थानिक केंद्रे निघाली ती इंग्लंडात, स्कॉटलंडात आणि हळूहळू परदेशांतही. मंडळाचे खरे जीवन ह्या केंद्रांत आहे असे माझे मत आहे. ठरल्या दिवशी गावच्या खाणावळीत मासिक बैठक भरते. तिला त्यांच्या बोलीत 'नॉगिन अँड नॅटर' म्हणतात, म्हणजे घोटभर पेय आणि गप्पा. ह्या बैठकीस कार्यक्रमपत्रिका नसते, ठराव नसतात, अध्यक्षीय समारोप तर नसतोच! उन्हाळ्यात सहकुटुंब सहली निघतात. त्यांतच 'खजिन्याचा शोध' हा खेळ असतो: चिठ्ठीत कोडे दिलेले, ते सोडविण्यास अमुक गावी जाऊन देवळाच्या दारावर कोरलेले साल पाहावयाचे, त्यावरून पुढच्या गावाचा माग काढावयाचा. भूगोल आणि इतिहास ह्या माझ्या दोन विषयांची इतकी सुखाची सांगड मी तरी दुसरीकडे पाहिली नाही. मैदानात खांब रोवून त्यांच्यामधून मोटार मागे-पुढे वळविण्याच्या परीक्षा असतात, त्यांत तरण्याबांड चालकापेक्षा एखादी आजीबाई कमी वेळ घेते आणि टाळ्या मिळविते. स्वच्छतेची स्पर्धाही असते. परीक्षक मोटारीच्या पोटाखाली वाकून पाहतात. माझा कल चिखलवाल्यांकडे आहे, हे लपवीत नाही.

परंतु ह्या मंडळींस खऱ्या अर्थाने बांधून ठेवले ते मोटारीच्या खोड्यांनी. जी वस्तू कधी बिघडत नाही तिच्या मालकास शेजाऱ्याची गरज पडत नाही. ह्या मोटारींस पेट्रोल व हवा ह्यांचे मिश्रण करणारे कार्ब्युरेटर बहुधा दोन. दोन्ही सारखी हवा ओढीत आहेत की नाहीत हे पाहण्याची जुनी रीत अशी की, रबरी नळीचे एक टोक कानास लावावे, दुसरे आळीपाळीने दोन्ही तोंडांशी धरावे, आणि फुसफुस एकसुरी होईपर्यंत स्क्रू फिरवीत राहावे. वैद्याने नाडी पाहावी तसे हे काम. पुस्तकावरून ते येत नाही. ज्याचा कान तयार आहे त्याच्याजवळ उभे राहून शिकावे लागते. विजेची उपकरणे पुरविणाऱ्या ल्यूकस कंपनीस मालकमंडळींनी 'अंधाराचा राजपुत्र' अशी पदवी दिली होती. रात्री आडरस्त्यावर दिवे गेले की ती पदवी आठवे आणि सोबत येणाऱ्या दुसऱ्या मोटारीच्या उजेडात घर गाठावे लागे. जुने पाने, आट्यांची जुनी मापे, जपून ठेवलेले सुटे भाग, हे सारे एकमेकांकडे मागावे लागते. देणाऱ्याने हातात पाना ठेवून भागत नाही. तोही बाह्या सरसावून खाली वाकतो, आणि रविवार कसा गेला हे दोघांस कळत नाही.

१९३९ साली युद्ध आले. पेट्रोलवर शिधा बसला. १९४२ मध्ये खाजगी मोटारींचा मूळ शिधाही बंद झाला. किंबरला १९४१ साली कंपनीने काढून टाकले होते. ४ फेब्रुवारी १९४५ रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ बोगद्यात आगगाडीची चाके घसरून ती मागे आली आणि अपघात झाला. त्यात दोन माणसे दगावली, त्यांपैकी एक किंबर. चपळ मोटारींसाठी आयुष्य वेचलेल्या माणसास आगगाडीत मरण यावे, हा दैवाचा खेळ. युद्धानंतर 'टी. सी.' ह्या मोटारी १९४५ ते १९४९ ह्या काळात सुमारे १०,००० निघाल्या. त्यांतील दोनेक हजारच अमेरिकेत गेल्या, पण तेवढ्यांनी तिकडे नवी हौस पेरली. १९४८ साली वॉटकिन्स ग्लेन गावच्या रस्त्यांवर पहिली शर्यत झाली तेव्हा ती भरविणारा गृहस्थ स्वतः टी. सी. घेऊन उतरला होता.

पुढची तीस वर्षे भरभराटीची. १९६२ साली निघालेल्या 'एम्. जी. बी.' मोटारी पाच लाखांहून अधिक झाल्या. १९६८ साली अनेक कंपन्या मिळून ब्रिटिश लेलँड हा अवाढव्य संघ बनला, आणि १९६९ मध्ये मंडळाचा कारखान्याशी असलेला संबंध तुटून ते स्वतःच्या पायांवर उभे राहिले. तेव्हा हा आघात वाटला असेल. परंतु त्यानेच मंडळ वाचले, कारण दहा वर्षांतच कारखान्याचा काळ आला.

१९७९ च्या सप्टेंबरात ॲबिंग्डन गावात कारखान्याच्या येथील पन्नास वर्षांचा उत्सव झाला. गावच्या मोरलँड मद्यशाळेने त्या वर्षी खास बीअर काढली. कारखान्याच्या रंगशाळेबाहेर उभी राहून ठिपक्याठिपक्यांची झालेली एक जुनी मोटार होती, तिच्या टोपणनावावरून त्या बीअरला 'ओल्ड स्पेकल्ड हेन' म्हणजे ठिपकेदार कोंबडी असे नाव दिले. उत्सवाच्या पताका उतरतात न उतरतात तोच सोमवार, १० सप्टेंबर रोजी कंपनीने कारखाना बंद करण्याचा निर्णय कळविला. पौंडाचा भाव चढल्याने अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर मोटारीमागे ९०० पौंडांचा तोटा होतो, असा कंपनीचा हिशेब होता. थॉर्न्ली तेव्हा निवृत्त होता. तरी तो वाचविण्याच्या खटपटीत पडला. मालकांनी लंडनमधून मोटारींची मिरवणूक काढली, अर्ज दिले. ॲस्टन मार्टिनच्या पुढाकाराने काही भांडवलदारांनी कारखाना विकत घेण्याची तयारी दाखविली, पण १९८० च्या उन्हाळ्यात तीही फसली. आणि त्या ऑक्टोबरात शेवटची मोटार बाहेर पडली. सुमारे हजारभर कामगारांची रोजी गेली. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मंडळांनी मोटारी वाचविल्या, कामगार वाचविणे त्यांच्या हाती नव्हते. हौसेने बांधलेल्या बंधुत्वाची ही मर्यादा होती, आणि ती झाकण्यात अर्थ नाही.

मोटारी वाचल्या, ह्यातही मात्र काही थोडे नाही. मालकांची मागणी थांबेना, म्हणून जुने साचे शोधून काढण्यात आले. आणि १९८८ साली फॅरिंग्डन येथे एम्. जी. बी. चा संपूर्ण पत्र्याचा सांगाडा नव्याने तयार होऊ लागला. गंजून गेलेल्या मोटारीस नवा देह मिळू लागला. मौज अशी की, हे पाहून कंपनीसही जाग आली, आणि त्याच सांगाड्याच्या आधारे तिने १९९३ ते १९९५ ह्या काळात सुमारे दोन हजार नव्या मोटारी बांधल्या. त्यांतील बहुतेक जपानात गेल्या.

आज ॲबिंग्डनला कारखाना नाही. त्याच्या जुन्या जागेलगत मंडळाची कचेरी आहे. इमारतीस 'किंबर हाउस' असे नाव दिले आहे. तेथे जुन्या मोटारींच्या उत्पादनाची कारखान्यातील मूळ दप्तरे जपून ठेवली आहेत. शाळेच्या जनरल रजिस्टरात जसा मुलाचा दाखल झाल्याचा व शाळा सोडल्याचा दिवस असतो, तशीच ही नोंद. कोठल्या तरी धान्याच्या कोठारात चाळीस वर्षे धूळ खात पडलेली मोटार कोणास सापडते, तिच्या सांगाड्यावरील क्रमांक तो कचेरीस कळवितो, आणि ही मोटार कोणत्या दिवशी ॲबिंग्डनच्या दारातून बाहेर पडली, ते त्यास तेथून कळते.