जखमेतली वीज: हाती येऊन निसटलेलं निरीक्षण

आमच्या चिंचोटीच्या धबधब्यावर पावसाळ्यात कुणाचा ना कुणाचा पाय घसरतोच. गुडघा खरचटतो, चार-आठ दिवसांत नवी कातडी येते. पण कडेच्या पेशींना कुठे सरकायचं हे कळतं कसं? रासायनिक संकेत तुम्ही पदवीला शिकलात. दुसरा संकेत विजेचा. त्याचा इतिहास संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे.

१८४३ च्या सुमारास जर्मन शरीरशास्त्रज्ञ एमिल द्यु बोआ-रेमाँ यांनी दोन्ही हातांची बोटं मिठाच्या पाण्यात बुडवली, एका बोटाला चीर दिली आणि स्वतः बनवलेल्या गॅल्व्हानोमीटरवर जखमेतून वाहणारा प्रवाह मोजला. जेमतेम १ मायक्रोअँपिअर!

मग? १९०२ मध्ये त्यांचेच शिष्य युलिउस बेर्नश्टाइन यांनी पेशीपटलाचा सिद्धांत मांडला. मज्जातंतू आणि स्नायूंसाठी तो मोलाचा ठरला. पण त्यामुळे जखमेतली वीज म्हणजे फाटलेल्या पेशींतली नुसती गळती, असा समज बळावला. ती काही काम करते का, हा प्रश्न मागे पडला.

तो परत आला उपकरणामुळे. १९७४ मध्ये जॅफी आणि न्युचितेली यांनी अतिसूक्ष्म प्रवाह मोजणारा कंप पावणारा प्रोब आणला. १९८२ मध्ये बार्कर, जॅफी, व्हॅनेबल यांनी गिनीपिगच्या कातडीत अक्षरशः बॅटरी असल्याचं दाखवलं. कातडी सोडियम आत ओढते, म्हणून आतली बाजू धन राहते. चीर पडली की तिथून प्रवाह बाहेर वाहतो आणि जखमेचा मध्य ऋण टोक बनतो. २००६ मध्ये मिन झाओ आणि सहकाऱ्यांनी कसोटीच लावली: बाहेरून उलट्या दिशेचं क्षेत्र दिलं. पेशी जखम भरायचं सोडून चक्क मागे फिरल्या! म्हणजे ही नुसती गळती नव्हती, दिशादर्शक होती.

माझ्या पीएचडीच्या पहिल्या प्रस्तावात हे सगळं मी एका ओळीत उरकलं होतं. गाईडनी विचारलं, "मधली शंभर वर्षं लोक गप्प का होते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रस्ताव परत आला.

म्हणून सांगतो, जुने पेपर वाचताना "हा केवळ दुय्यम परिणाम" असं वाक्य दिसलं, की थांबा. ते कुणी तपासून लिहिलंय की गृहीत धरून, एवढंच शोधा. कदाचित तुमचा विषय तिथेच असेल.