‘२० टक्के सूट’ लिहिण्याआधी: खानदेशातल्या मेडिकलवाल्यानं जाहिरात करायची तरी कशी?

आजचा भाग मेडिकलच्या काउंटरवरचा. आपल्याकडे ‘औषधालयात जातो’ असं कुणी म्हणत नाही. ‘मेडिकलवर जाऊन येतो’ म्हणतात. जळगाव असो की धुळे, अमळनेर असो की शिरपूर, शब्द तोच.

शिरपूर, चोपडा, जळगाव, धुळे इथल्या कॉलेजांतून दरवर्षी डी.फार्म., बी.फार्म. झालेली पोरंपोरी बाहेर पडतात. त्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात एकच असतं: तालुक्याला किंवा गावाच्या स्टँडजवळ स्वतःचं मेडिकल टाकायचं. मग प्रश्न येतो, गिऱ्हाईक येणार कसं? मोबाइलवर ॲप २० टक्के सूट दाखवतंय. चौकातलं जुनं मेडिकल तीस वर्षांपासून बसलंय. मग मी काय करू? रील टाकू? पत्रकं वाटू? रिक्षावर भोंगा लावू?

म्हणजे थोडक्यात, मेडिकलवाल्यांसाठी मार्केटिंगचं एक गाइडबुक हवंय. चला, आज ते डोक्यातल्या डोक्यात लिहून बघू. पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. कारण या पुस्तकाची अर्धी पानं इतिहासानं आधीच लिहून ठेवली आहेत.

व्ही.पी.नं येणारी ताकद

घरपोच औषध ही ॲपवाल्यांची कल्पना आहे असं वाटतं ना? अजिबात नाही. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे खानदेशातून गेली आणि भुसावळ मोठं जंक्शन झालं. १८७७ मध्ये पोस्टानं व्ही.पी. सुरू केली. माल पोस्टमन आणून देणार, पैसे तेव्हाच द्यायचे. आजच्या भाषेत कॅश ऑन डिलिव्हरी.

आता हे दोन्ही एकत्र करा. मुंबईतल्या कंपनीनं वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची आणि खानदेशातल्या माणसानं पोस्टकार्ड टाकून बाटली मागवायची. याच काळात काही मोठी नावं उभी राहिली. १८७२ मध्ये पनवेलला धूतपापेश्वर, १८९३ मध्ये मुंबईत अमृतांजन, १९१० मध्ये झंडू. अमृतांजनवाले तर गाण्याच्या मैफलींत बामच्या डब्या फुकट वाटायचे. आज ज्याला सॅम्पलिंग म्हणतात, तेच हे.

पण त्याच पानांवर दुसराही माल असायचा. गेलेली ताकद परत आणणाऱ्या गोळ्या, मूल होण्याची खात्री, एका बाटलीत दहा रोग बरे. लिहिणारा मुंबईत, पिणारा खेड्यात, आणि मध्ये विचारायला कुणीच नाही. बाटलीत काय आहे हे सांगण्याचं बंधन नव्हतं. फसलेला माणूस लाजेनं बोलायचा नाही, त्यामुळे पुढच्या गिऱ्हाइकाला काही कळायचंच नाही.

कोयनेलचा धडा

क्विनाइन म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या भाषेत कोयनेल. हिवतापावरचा तेव्हाचा मुख्य उपाय तोच. १९२० च्या दशकात देशभर तक्रारी वाढल्या की बाजारातलं कोयनेल कमी ताकदीचं आहे, काही तर निव्वळ बनावट. सातपुड्याच्या पायथ्याशी तापानं फणफणलेल्या माणसाला असली गोळी मिळाली तर त्याचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको.

१९३० मध्ये सरकारनं कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९३१ मध्ये तिचा अहवाल आला. त्यातूनच पुढे १९४० चा औषध कायदा, १९४५ चे नियम आणि १९४८ चा फार्मसी कायदा झाला. म्हणजे औषध तपासायची यंत्रणा एकीकडे आणि ते देणारा माणूस शिकलेला असावा ही अट दुसरीकडे. तोवर दवाखान्यात कंपाउंडर मिक्श्चर बनवायचा. बाटली घरून न्यायची, तिच्यावर कातरलेली कागदाची पट्टी चिकटवलेली, एक दात म्हणजे एक डोस. जुन्या कंपाउंडरांपैकी अनेकांना या कायद्यानं नोंदणीची वाट करून दिली.

आता गाइडबुकचं पहिलं प्रकरण बघा. दुकानाचा बोर्ड! तुम्ही म्हणाल, बोर्ड म्हणजे पेंटरचं काम. पण १९४५ च्या नियमांत नियम ६५ आहे आणि त्यात बोर्डवर काय लिहायचं हेसुद्धा सांगितलंय. नोंदणीकृत फार्मासिस्टची गरज नसलेला परवाना असेल तर ‘ड्रगस्टोअर’. फार्मासिस्ट आहे, पण चिठ्ठीप्रमाणे औषध बनवून देण्याची सोय नाही, तर ‘केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स’. फार्मासिस्टही आहे आणि औषध बनवायची सोयही आहे, तरच ‘फार्मसी’. म्हणजे दुकानाची पहिली जाहिरात, जी चोवीस तास रस्त्याकडे बघत असते, ती मुळात एक कबुली आहे. आत कोण बसलंय आणि त्याला काय येतं, याची.

उजेड, आवाज आणि धूर

दुसरं प्रकरण १९५४ चं. त्या वर्षी ‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज’ कायदा झाला आणि १ एप्रिल १९५५ पासून लागू झाला. मधुमेह, कर्करोग, वंध्यत्व अशा आजारांची यादी करून कायद्यानं सांगितलं की यांवर औषध आहे अशी जाहिरात करायची नाही. मंतरलेले ताईत विकणारेही त्यात आले.

गंमत बघा, ‘जाहिरात’ या शब्दाची व्याख्या किती लांबवर जाते. नोटीस, पत्रक, लेबल, वेष्टन तर आलंच. शिवाय तोंडी घोषणा, आणि उजेड, आवाज किंवा धूर वापरून केलेली घोषणासुद्धा. १९५४ साली मोबाइल नव्हता, पण भोंगा होता. रिक्षावरून ‘शुगर मुळापासून घालवा’ असं ओरडत फिरलात, तर तो आवाज या व्याख्येत बसतो. आणि रील म्हणजे तरी काय, उजेड आणि आवाजच ना?

कंपन्या गप्प बसल्या नाहीत. हमदर्द दवाखाना सुप्रीम कोर्टात गेला. जाहिरात हे आमचं भाषणस्वातंत्र्य आहे, असा त्यांचा मुद्दा होता. कोर्टानं तो मानला नाही. अशा औषधांची जाहिरात म्हणजे व्यापार, विचार मांडणं नव्हे, असा त्या निकालाचा रोख. जप्तीच्या अधिकाराचं एक कलम आणि सरकारच्या मर्जीवर सोडलेला यादीतला एक भाग मात्र कोर्टानं रद्द केला. पण कायद्याचा कणा टिकला.

परीक्षेपुरतं पाठ केलेलं पान

तिसरं प्रकरण डी.फार्म.च्या प्रत्येक विद्यार्थ्यानं वाचलेलं असतं. पाच मार्कांसाठी पाठ केलेलं आणि पेपर झाल्यावर विसरलेलं. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची आचारसंहिता.

तिच्यात काय आहे? जाहिरातीत ‘बरा करतो’ असा शब्द वापरायचा नाही. गुण येण्याची हमी द्यायची नाही. भीती दाखवायची नाही. पैसे परत, बक्षीस, सोडत असलं काही नाही. दुसऱ्या दुकानाला कमी लेखायचं नाही. डॉक्टरशी कमिशनची छुपी सोयरीक नाही. आणि सगळ्यात भारी: दुसऱ्या दुकानाची चिठ्ठी चुकून तुमच्याकडे आली, तर गिऱ्हाइकाला त्या दुकानाचा रस्ता दाखवायचा.

मार्केटिंगचं कुठलंही पुस्तक उघडा. ऑफर द्या, घाई करा, भीती दाखवा, तुलना करा. मेडिकलवाल्याच्या हातातून ही सगळी हत्यारं काढून घेतली आहेत. का? कारण कपड्याच्या दुकानात माणूस हवं म्हणून येतो, मेडिकलवर तो नाइलाजानं येतो. आजारी माणूस घासाघीस करत नाही. घाबरलेल्या माणसाला काहीही विकता येतं, म्हणूनच त्याला काहीही विकायचं नाही.

स्वच्छ बाजूवर काळा डाग

आता लहान दुकानदार साधा आणि ॲपवाले वाईट, इतकी सरळ गोष्ट नाही. औषध विक्रेत्यांच्या संघटनांनीही बाजार मुठीत धरलेला होता. नवा स्टॉकिस्ट नेमायचा तर संघटनेचं ना-हरकत पत्र आणा, नवं औषध बाजारात आणायचं तर संघटनेकडे पैसे भरा, अशी रीत देशभर चालायची. फेब्रुवारी २०१३ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं अखिल भारतीय संघटनेला या प्रकारांबद्दल ४७ लाखांहून जास्त दंड ठोठावला. गोव्यातल्या संघटनेवरही आधी अशीच कारवाई झाली होती.

आणखी एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण मोठ्यानं कुणी बोलत नाही. भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं आणि काउंटरवर बसलेला दुसराच. महेश झगडे राज्याचे अन्न व औषध प्रशासन आयुक्त असताना, २०११ नंतरच्या काळात, फार्मासिस्ट दुकानात हजर हवाच यासाठी तपासण्या झाल्या. दुकानदारांनी त्याविरुद्ध बंदही पुकारले. बंद मागे घेतले गेले, पण प्रश्न उरलाच. ज्या दुकानात फार्मासिस्टच नाही, त्या दुकानानं मार्केटिंग तरी कशाचं करायचं?

२० टक्क्यांचं गणित

आता ॲपकडे येऊ. औषध विक्रेत्यांनी ऑनलाइन विक्रीविरुद्ध देशव्यापी बंद केले: १४ ऑक्टोबर २०१५, ३० मे २०१७, २८ सप्टेंबर २०१८. ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारनं ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा काढला. मार्च २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या दिवसांत, परवानाधारक दुकानांना घरपोच औषध द्यायला परवानगी मिळाली. म्हणजे घरपोच सेवा तुमच्या गल्लीतलं मेडिकलही देऊ शकलं.

पण सूट? जरा गणित करू. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात यादीतल्या औषधांवर किरकोळ दुकानदाराचा वाटा १६ टक्के धरलाय, आणि तोही दुकानदाराच्या आधीच्या किमतीवर. म्हणजे १०० रुपयांवर १६, एकूण ११६. कर बाजूला ठेवला तर छापील किमतीच्या साधारण १४ टक्के. यादीबाहेरच्या औषधांवर बाजारातली रीत साधारण २० टक्क्यांची. आता या १४ मधून दुकानभाडं, लाइट बिल, फ्रिज आणि पोराचा पगार काढा, आणि वर बोर्ड लावा ‘सर्व औषधांवर २० टक्के सूट’. नफा तर सोडाच, प्रत्येक गोळीमागे खिशातून भरावं लागेल. मोठ्या भांडवलाची कंपनी काही वर्षं तोटा सोसते. शिंदखेड्याच्या पोरानं कर्ज काढून दुकान टाकलेलं असतं. त्यानं ही शर्यत लावायचीच नाही.

मग उरतं काय?

उरतं ते ॲपला नीट जमत नाही असं काम. भुसावळच्या पलीकडे किंवा धुळे तालुक्यातल्या गावात कुणी म्हातारी आजी काउंटरवर येते आणि विचारते, ‘भो, हाई गोळी कव्हय खावानी?’ तिला अहिराणीत, नाहीतर तिच्या तावडी बोलीत, सकाळी का रात्री, जेवणाआधी का नंतर, हे सांगणं. सातपुड्यातल्या पावरा कुटुंबात सिकलसेलचा पेशंट असेल, तर त्याची गोळी चुकू नये म्हणून आठवण ठेवणं. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत या समुपदेशनाला फार्मासिस्टच्या कामाचा भाग मानलंय. २०२० च्या डी.फार्म. अभ्यासक्रमात तर कम्युनिटी फार्मसी आणि व्यवस्थापन हा स्वतंत्र विषयच आहे.

तर आपल्या गाइडबुकची उरलेली पानं अशी. बोर्ड खरा ठेवा. फार्मासिस्ट काउंटरवर हवा, त्याचं नाव दिसू द्या. प्रत्येक विक्रीचं बिल द्या. २०१४ पासून लागू झालेल्या एच-वन यादीतल्या, म्हणजे जपून वापरायच्या अँटिबायोटिक आणि टीबीच्या औषधांची नोंदवही ठेवा आणि ती तीन वर्षं जपा. टीबीची औषधं नेणाऱ्या पेशंटची माहिती कळवणं २०१८ पासून बंधनकारक आहे, ते करा. पाकिटावर मोठ्या अक्षरात वेळ लिहा. वाचता येत नसेल तर सूर्य आणि चंद्र काढा. आणि चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागितलं, तर नाही म्हणा. त्या दिवशी एक गिऱ्हाईक कमी होईल. पण ‘तो उगाच गोळी देत नाही’ हे वाक्य गावात पसरायला पैसे लागत नाहीत.

आणि या गाइडबुकचा प्रचार? इंग्रजी जाडजूड पुस्तक छापून कुणी वाचणार नाही. रिफ्रेशर कोर्सला वाटायची वीस पानांची मराठी पुस्तिका, २५ सप्टेंबरच्या जागतिक फार्मासिस्ट दिनाला कॉलेजच्या पोरांनी दुकानोदुकानी नेऊन दिलेली, आणि दोन-दोन मिनिटांचे ऑडिओ व्हॉट्सॲपवर. दुपारच्या मोकळ्या वेळेत ऐकता येतील असे.

तुमच्या घरचं मेडिकल असेल तर हा भाग बाबांना ऐकवा. आणि नसेल, तर पुढच्या वेळी मेडिकलवर गेलात की दोनच गोष्टी करा. बिल मागा, आणि गोळी कधी घ्यायची ते विचारा. उत्तर देणारा माणूस सापडला, तर ते दुकान सोडू नका. भेटू पुढच्या भागात!