ब्राँक्सचा नाका आणि मागे सरकणारे घड्याळ

१/ न्यूयॉर्क, १९३५. ब्राँक्स भागात जेरोम ॲव्हेन्यू आणि १६७वा रस्ता जेथे मिळतात, त्या कोपऱ्यावर सकाळी आठपासून कृष्णवर्णीय स्त्रिया जमू लागतात. कोणी वयस्कर, कोणी विशीतली. कोणी लाकडी खोक्यावर बसलेली, कोणी भिंतीला टेकून उभी. प्रत्येकीच्या हातात एक कागदी पुडके असते आणि त्यात कामाच्या वेळी घालायचे जुने कपडे. मुंबई-पुण्यातला मजुरांचा नाका ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे दृश्य नवे वाटणार नाही.

२/ थोड्या वेळाने आसपासच्या इमारतींतील गृहिणी तेथे येतात. त्या स्त्रियांना निरखून पाहतात, घासाघीस करतात आणि एकीला घर साफ करण्यासाठी सोबत नेतात. दर तासाला पंधरा सेंट, वीस सेंट. नशीब चांगले असेल तर तीस. घर साफ करून घेणारी आणि घर साफ करणारी यांच्यातील एका जुन्या भांडणाचा हा धागा आहे. त्या भांडणात दोन्ही बाजूंच्या तक्रारी खऱ्या होत्या. सरकारने मात्र बराच काळ एकाच बाजूची तक्रार ऐकली.

३/ या नाक्याची माहिती इतिहासाला मिळाली ती दोन स्त्रियांमुळे. एला बेकर आणि मार्व्हल कुक या दोघी काम शोधणाऱ्या बायका म्हणून त्या कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या आणि नोव्हेंबर १९३५ मध्ये ‘द क्रायसिस’ या मासिकात त्यांनी आपला वृत्तांत प्रसिद्ध केला. शीर्षक होते ‘ब्राँक्सचा गुलामबाजार’. बेकर यांच्या आजीचा जन्म गुलामगिरीत झालेला होता; त्यामुळे हा शब्द त्यांनी सहज वापरला असेल, असे मानण्याचे कारण नाही.

४/ हा नाका उभा कसा राहिला? त्याआधीच्या पिढीतील मोलकरीण बहुधा मालकाच्या घरीच राहत असे. तिला स्वतःची संध्याकाळ नसे आणि कामाला शेवट नसे. दक्षिणेकडून उत्तरेच्या शहरांत आलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी या पद्धतीला हळूहळू नकार दिला. दिवसाचे काम करावे आणि रात्री आपल्या घरी, आपल्या मुलांत परतावे, ही त्यांची निवड होती. रोजंदारीचे काम हा त्यांनी मिळवलेला एक छोटा हक्कच होता.

५/ मग १९२९ ची मंदी आली आणि त्या हक्काचे रूप पालटले. अमेरिकेत त्या काळी नोकरी करणाऱ्या दर पाच कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी सुमारे तिघी घरकाम वा तत्सम सेवेत होत्या. श्रीमंत घरांनी नोकर कमी केले आणि हार्लेममधील स्त्रियांची कायमची कामे सुटली. काम मिळवून देणाऱ्या एजन्सीला दलाली द्यायला हाती पैसा नव्हता. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहायला मात्र कोणाची परवानगी लागत नव्हती.

६/ दुसऱ्या बाजूला ब्राँक्समधील गृहिणी होती. ती लक्षाधीशाची पत्नी नव्हती. तिचा नवरा शिंपी, कारागीर किंवा छोटा दुकानदार असे. अनेक कुटुंबे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंची होती. मंदीपूर्वी ती आपले घर स्वतःच झाडत-पुसत असे. मजुरी इतकी घसरली की आयुष्यात प्रथमच तिला कामवाली परवडू लागली. बेकर आणि कुक यांनी एका बोचऱ्या विसंगतीवर बोट ठेवले: ज्या घरांतील पुरुष कारखान्यात शोषणाविरुद्ध झगडत होते, त्याच घरांत पंधरा सेंटचा भाव ठरत होता.

७/ आता तक्रारींकडे वळू. गृहिणीची पहिली तक्रार अनोळखीपणाची. नाक्यावरून आणलेली स्त्री कोण, कुठली, काम कसे करते, हे ठाऊक नाही. आज आली ती पुढच्या आठवड्यात येईलच याचा भरवसा नाही. प्रत्येक नव्या बाईला बादली कुठे आहे येथपासून सगळे पुन्हा सांगावे लागते. घरात दागिना, पाकीट, चांदीचे चमचे. मनात सतत धास्ती. काही हरवले की पहिला संशय तिच्यावर, मग ती वस्तू दोन दिवसांनी सोफ्याखाली सापडो.

८/ दुसरी तक्रार कामाच्या गतीची. तासावर पैसे मोजणाऱ्या गृहिणीला प्रत्येक संथ हालचाल आपल्या खिशातून जाताना दिसते. खिडक्या पुसायला इतका वेळ? कोपऱ्यातली धूळ तशीच? ‘माझ्याकडची आधीची बाई हेच काम निम्म्या वेळात करायची’ हे वाक्य कोणत्याही भाषेत नवे नाही. तिच्या दृष्टीने ती तास विकत घेत नव्हती, स्वच्छ घर विकत घेत होती. संध्याकाळी नवरा आला की घर लखलखीत दिसायला हवे, एवढाच तिचा हिशेब.

९/ कामवालीची पहिली तक्रार घड्याळाची. घरातले घड्याळ गृहिणीच्या ताब्यात. कामवाली स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघे टेकून असताना कोणीतरी काटा अर्धा तास मागे सरकवी. पाच तास राबलेल्या बाईला साडेचार तासांचे पैसे मिळत. बाहेर अंधार पडलेला दिसे, पण भिंतीवरचे घड्याळ वेगळेच सांगे. या युक्तीची आठवण त्या काळच्या घरकामगार स्त्रियांच्या कथनांत पुन्हा पुन्हा येते.

१०/ हिशेब मांडला की या अर्ध्या तासाचे मोल कळते. सहा तास, दर तासाला पंधरा सेंट, म्हणजे नव्वद सेंट. त्या वेळी भुयारी रेल्वेचे तिकीट एका फेरीला पाच सेंट होते. येण्याजाण्याचे दहा गेले, उरले ऐंशी. अर्धा तास घड्याळाने गिळला तर आणखी साडेसात सेंट वजा. शिवाय सकाळी नाक्यावर ताटकळत घालवलेले दोन-तीन तास कोणाच्याच हिशेबात नव्हते. दुपारी एकपर्यंत वाट पाहून रिकाम्या हाताने परतणाऱ्याही असत; त्यांच्या दिवसाची किंमत उणे दहा सेंट.

११/ दुसरी तक्रार वाढत्या कामाची. नाक्यावर बोली ‘थोडी झाडलोट’ अशी होई. घरात पाऊल टाकले की यादी लांबत जाई: खिडक्या आतून आणि बाहेरूनही, कपड्यांचा ढीग, इस्त्री, भिंती. उंच मजल्यावर खिडकीच्या चौकटीवर बसून काचेची बाहेरची बाजू पुसणे हे जिवावरचे काम होते. फरशी लांब दांड्याच्या पोछ्याने न पुसता गुडघ्यांवर बसूनच घासावी, असाही आग्रह असे. त्यात स्वच्छतेचा भाग किती आणि वरचढपणाचा किती, हे काम करणारीला नेमके समजत असे.

१२/ तिसरी तक्रार अपमानाची. नाक्यावर उभ्या असलेल्या स्त्रीचे गुडघे आणि हात निरखून तिची ताकद जोखली जाई. वयाने आईएवढ्या बाईलाही ‘गर्ल’ म्हणून हाक मारली जाई. जेवणाच्या सुटीचे पैसे कापले जात, किंवा पैशांऐवजी जुने कपडे आणि उरलेले अन्न पुढे केले जाई. भर रस्त्यात उभ्या असल्यामुळे येणारे-जाणारे पुरुष वाईट हेतूने बोलत. बेकर आणि कुक यांनाही हा अनुभव आला.

१३/ दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की त्यांचे मूळ एकच दिसते. सौद्यात काय विकले जात आहे, हेच ठरलेले नव्हते. एक बाजू वेळ विकत होती, दुसरी बाजू परिणाम विकत घेत होती. काम किती, कोणते, कोणत्या साधनांनी आणि कोणत्या घड्याळानुसार, हे लेखी कुठेच नव्हते. म्हणून कामवालीला घाई केली तर काम अपुरे ठरे आणि नीट केले तर ती रेंगाळते असे वाटे. कारखान्यात हे प्रश्न संघटना, करार आणि निरीक्षक सोडवत. बंद दाराआड तो निर्णय फक्त एका बाजूच्या हाती होता.

१४/ असे नियम लिहिण्याचा प्रयत्न झाला नाही, असे नाही. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅशनल कमिटी ऑन हाउसहोल्ड एम्प्लॉयमेंट’ने कामाचे तास, विश्रांती आणि मजुरी यांचे नमुना करार पुढे आणले. मात्र ते ऐच्छिक होते. सही करणे गृहिणीच्या सद्‌भावनेवर अवलंबून होते आणि नाक्यावर स्वस्त मजुरी उपलब्ध असताना ती सद्‌भावना फार पुढे गेली नाही.

१५/ आता सरकार काय करत होते ते पाहू. मंदीच्या काळात रोजगार पुरवणाऱ्या ‘डब्ल्यूपीए’ या संस्थेने घरकामगारांसाठी प्रशिक्षण केंद्रे उघडली. स्वयंपाक कसा करावा, टेबल कसे मांडावे, घर कसे साफ करावे, हे तेथे शिकवले जाई. म्हणजे ‘हिला काम येत नाही’ ही गृहिणीची तक्रार सरकारने गांभीर्याने घेतली आणि तिच्यावर सरकारी पैसा खर्च केला.

१६/ ‘हिने घड्याळ मागे केले’ या तक्रारीचे काय झाले? १९३५ च्या राष्ट्रीय श्रमसंबंध कायद्याने कामगारांच्या संघटनेला संरक्षण दिले. त्यातून घरकामगार वगळले गेले. त्याच वर्षीच्या सामाजिक सुरक्षा कायद्यातूनही ते वगळले गेले. १९३८ च्या कायद्याने तासाला किमान पंचवीस सेंट मजुरी ठरवली. ब्राँक्सच्या नाक्यावरील स्त्रीला तीही लागू नव्हती. घरकामगार आणि शेतमजूर, म्हणजे ज्या दोन क्षेत्रांत कृष्णवर्णीय कामगार सर्वाधिक होते, तीच दोन क्षेत्रे बाहेर राहिली.

१७/ तरी त्या स्त्रिया केवळ सोसत राहिल्या, असे चित्र अपुरे ठरेल. ठरावीक दराखाली कोणी जायचे नाही, असे नाक्यावर आपसांत ठरवण्याचे प्रयत्न झाले. भुकेली एखादी कमी भावात निघून गेली की ते कोसळत, आणि पुन्हा सुरू होत. याच दशकात न्यूयॉर्कमध्ये घरकामगारांची युनियन उभी राहिली. डोरा जोन्स तिच्या प्रमुख कार्यकर्त्या होत्या. प्रत्येक सदस्य वेगळ्या घरात, प्रत्येक मालकीण वेगळी. अशा ठिकाणी संप कसा करायचा, हा तिच्यापुढचा कठीण प्रश्न होता.

१८/ १९४१ मध्ये महापौर फिओरेल्लो ला गार्डिया यांच्या कारकिर्दीत शहराने ब्राँक्समध्ये रोजंदारीच्या कामासाठी कार्यालय उघडले. थंडी-पावसात रस्त्यावर उभे राहण्याऐवजी छपराखाली बसता येऊ लागले. बंद दाराआडच्या घड्याळावर त्याचा काही अंमल नव्हता. नाका खऱ्या अर्थाने ओसरला तो महायुद्धामुळे. कारखान्यांना हात हवे होते, आणि दुसरे काम मिळताच स्त्रियांनी पंधरा सेंटच्या खिडक्यांकडे पाठ फिरवली.

१९/ युद्ध संपले, कारखान्यांतील कामे सुटली आणि नाका परत भरू लागला. जानेवारी १९५० मध्ये मार्व्हल कुक पुन्हा तेथे गेल्या. हातात कागदी पुडके घेऊन त्या उभ्या राहिल्या, घरोघरी काम केले आणि ‘डेली कंपास’ या दैनिकात लेखमाला लिहिली. पंधरा वर्षांपूर्वीचीच घासाघीस, गुडघ्यांवर बसून फरशी घासण्याचा तोच आग्रह.

२०/ त्याच वर्षी सामाजिक सुरक्षा कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका घरी नियमित काम करणाऱ्या घरकामगारांना त्यात स्थान मिळाले. नाक्यावरून रोज नव्या घरी जाणारी मात्र अजून बाहेरच होती. किमान वेतनाचा कायदा घरकामगारांपर्यंत पोहोचला १९७४ मध्ये. १९३८ ते १९७४, म्हणजे छत्तीस वर्षे. १९३५ साली विशीत असलेली नाक्यावरची स्त्री तोवर साठीच्या आसपास पोहोचली होती.

२१/ एला बेकर पुढे नागरी हक्क चळवळीच्या आधारस्तंभ झाल्या. १९६० मध्ये विद्यार्थ्यांची ‘स्निक’ ही संघटना उभी राहण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांच्या चरित्रात ब्राँक्सच्या नाक्याला बहुधा एखादा परिच्छेद मिळतो. सामान्य माणसांनी आपल्या अनुभवातून स्वतःची संघटना उभारावी, हा त्यांचा पुढचा आग्रह समजून घ्यायचा तर त्या कोपऱ्यावरची ती सकाळ लक्षात ठेवावी लागते.

२२/ घर साफ करून घेणारी आणि घर साफ करणारी यांच्या कुरबुरी आजही बहुतेक वेळा स्वभावाच्या खात्यात टाकल्या जातात: ती आळशी, ही कंजूष. ब्राँक्सचा इतिहास वेगळ्या ठिकाणी पाहायला शिकवतो. काम किती ते आधी ठरले होते का? दर कोणी ठरवला? आणि भिंतीवरचे घड्याळ कोणाच्या हाती होते?

(धागा समाप्त)