सायकलीचा स्थिरचक्री तुंबा

स्थिरचक्री तुंबा : सायकलीच्या चाकाच्या मध्यभागास तुंबा (हब) म्हणतात. मागील तुंब्यावरील दंतचक्र त्याच्याशी पक्के जोडलेले असेल, तर चाक फिरत असेपर्यंत पायडलेही फिरत राहतात. अशा तुंब्यास स्थिरचक्री तुंबा म्हणतात. उतारावरही स्वारास पाय थांबविता येत नाहीत. मात्र पायडलांवर उलटा दाब देऊन त्यास वेग कमी करता येतो. त्यामुळे या तुंब्यास पुढे ओढणारा व मागे रोखणारा असा दुहेरी ताण सोसावा लागतो आणि त्याचे बहुतेक बिघाड यातूनच उद्‌भवतात.

आरंभीच्या सायकलींत हा प्रश्न नव्हता. फ्रान्समध्ये १८६० नंतरच्या दशकात प्रचारात आलेल्या व्हेलॉसिपीडमध्ये आणि पुढे उंच चाकाच्या सायकलीत पायडले पुढील चाकाच्या आसासच जोडलेली असत. १८८५ मध्ये कॉव्हेंट्री येथील जॉन केंप स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ ही सुरक्षित सायकल पुढे आणली. तीत साखळीच्या द्वारे मागील चाक फिरविले जाई. पुढे दंतचक्र मागील तुंब्यावर आट्यांनी बसविण्याची पद्धत रूढ झाली आणि अडचण उभी राहिली. पायडल पुढे मारताना साखळी दंतचक्रास आवळण्याच्या दिशेने ओढते. चढावर तर ते इतके घट्ट बसते की, काढताना लांब दांड्याचा पाना लागतो. परंतु उलटा दाब देताच तेच आटे उलगडू लागतात. भर उतारावर दंतचक्र सुटले आणि सायकलीस ब्रेक नसला, तर वेग आवरण्याचे साधनच उरत नाही.

यावरील उपाय म्हणजे दंतचक्राच्या बाहेरील अंगास बसविलेले, डाव्या आट्यांचे कडे (लॉकरिंग) होय. दंतचक्र सैल होऊन बाहेर सरकू लागले की, ते या कड्यास टेकते व त्यास ज्या दिशेने फिरवू पाहते, त्याच दिशेने कडे आवळले जाते. इतकी साधी व नेमकी युक्ती सायकलीच्या रचनेत क्वचितच आढळते. ब्रिटिश मानानुसार दंतचक्राचे आटे १.३७ इंच व कड्याचे १.२९ इंच व्यासाचे असून दोहोंत दर इंचास २४ आटे असतात. काही इटालियन तुंब्यांचे कडे १.३२ इंचांचे असते. ते ब्रिटिश तुंब्यावर चढविल्यास आटे अर्धवट धरतात आणि जोराच्या ताणाने निसटण्याचा धोका राहतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रीव्हीलचा प्रसार झाला आणि रस्त्यावरील सायकलींत स्थिरचक्र मागे पडले. शर्यतींत ते टिकून राहिले. ‘तूर द फ्रान्स’चे संस्थापक आंरी देग्रांज यांचा गिअर बदलणाऱ्या यंत्रणेस विरोध होता; तीस त्या शर्यतीत १९३७ मध्ये परवानगी मिळाली. तोवर स्वार दोन्ही बाजूंस दंतचक्रे असलेला तुंबा वापरीत व चढाच्या पायथ्याशी उतरून चाक उलटे बसवीत. धावपट्टीवरील शर्यतींत स्थिरचक्रच चालते. एडी मर्क्स यांनी २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटी येथे एका तासात ४९.४३१ किमी. अंतर तोडले, ते अशाच सायकलीवर. जपानमध्ये १९४८ पासून होणाऱ्या केरिन शर्यतींतील सायकलींस ब्रेक नसतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील शहरांतले टपालवाहक सायकलस्वार या सायकलींकडे वळले. काटकसरीसाठी काहींनी फ्रीव्हीलच्या साध्या तुंब्यावरच स्थिर दंतचक्र बसविले आणि ते डिंकासारख्या द्रव्याने किंवा पायडलांच्या धारव्याच्या कड्याने धरून ठेवले. अशा कड्याचे आटे दंतचक्राच्याच दिशेचे असल्याने दोन्ही एकत्र सुटू शकतात. त्यास आत्मघाती तुंबा म्हणण्याचा प्रघात पडला, तो योग्यच म्हटला पाहिजे.

दुरुस्तीत प्रथम दंतचक्र उतरवून आटे तपासतात. ते शाबूत असल्यास स्वच्छ करून वंगण लावतात, दंतचक्र पान्याने आवळतात, चढावर थोडे चालवून पुन्हा घट्ट करतात आणि मगच आकडेदार पान्याने कडे उलट दिशेने बसवितात. ॲल्युमिनियमच्या तुंब्याचे आटे पोलादी दंतचक्रापुढे मऊ पडतात. ते घासून गेल्यास तुंबा बदलणे इष्ट. खटक्याने सोडता येणाऱ्या आसाऐवजी येथे नट वापरण्याचा प्रघात आहे, कारण दोन्ही दिशांच्या ओढीने आस खोबणीत सरकू शकतो. साखळी सैल असल्यास ती उडते, फार ताणल्यास धारवे झिजतात. ब्रिटनमधील १९८३ च्या नियमांप्रमाणे स्थिरचक्री सायकलीस पुढील चाकाचा ब्रेक पुरतो; मागील ब्रेकचे काम वर वर्णिलेल्या कड्यावर सोपविलेले आहे.