धामकाठचं पवनार

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा संपादक मंडळाला माझ्याकडून बहुधा वर्गातल्या खोड्यांच्या आठवणी हव्या होत्या. त्या इतर मंडळी लिहितीलच. मी पवनारबद्दल लिहितो, कारण एक जुनी गोष्ट मला कबूल करायची आहे.

दहावीच्या वर्षी, १९८० च्या डिसेंबरात, आपला वर्ग सायकलींवरून पवनारला गेला होता. नागपूर रस्त्याने आठ-दहा किलोमीटर. डब्यात पोळी-भाजी आणि कुणीतरी आणलेला गोरसपाक. विनोबाजी तेव्हा आश्रमातच होते, क्षेत्रसंन्यास घेऊन त्यांना दहा वर्षं झाली होती. आपण लांबून नमस्कार केला आणि नदीच्या खडकांवर पाय बुडवून बसलो. परत निघण्याआधी इतिहासाच्या सरांनी सगळ्यांना गावातल्या जुन्या पांढरीच्या टेकाडावर नेलं आणि म्हणाले, "पोट्टेहो, तुम्ही राजधानीवर उभे आहात." आपण हसलो. समोर गोवऱ्या वाळत होत्या.

तिथंच मी एक काळं-तांबडं खापर उचलून खिशात टाकलं.

सरांच्या बोलण्यात तथ्य होतं, हे कळायला मला पस्तीस वर्षं लागली. पाचव्या शतकात विदर्भावर वाकाटकांचं राज्य होतं. दुसरा रुद्रसेन अकाली गेला, मुलं लहान, म्हणून त्याची राणी प्रभावतीगुप्ता हिने कारभार हाती घेतला. ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. पुढे तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन गादीवर आला. त्याचे सुरुवातीचे ताम्रपट नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनहून दिलेले आहेत. नंतरचे मात्र प्रवरपुराहून. अठराव्या राज्यवर्षातला चम्मकचा ताम्रपट घ्या. अचलपूरकडचं एक गाव हजार ब्राह्मणांना दान दिल्याचा तो लेख आहे, आणि तो प्रवरपुराहून सुटला आहे. राजाने मधेच आपली राजधानी हलवली होती.

हे प्रवरपूर कुठलं? महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी उत्तर दिलं : पवनार. नावातलं साम्य, जुनी गढी आणि धामकाठी सापडलेली शिल्पं हे त्यांचे आधार. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी इथं उत्खनन केलं, आणि गावाखाली वाकाटकांच्याही आधीपासूनची वस्ती असल्याचं दिसलं. मनसरला मोठे अवशेष उघडे पडल्यावर काही अभ्यासक प्रवरपूर तिकडे असल्याचं मानू लागले. वाद मिटलेला नाही. मी अर्थात पवनारच्या बाजूचा. वर्ध्याचा माणूस दुसरं काय म्हणणार!

गावातल्या म्हाताऱ्यांकडे या सगळ्याची वेगळीच हकिगत होती. इथं पवन नावाचा राजा होता, त्याच्याजवळ परीस होता. तो शेतकऱ्यांकडून साऱ्याचे पैसे घेत नसे, फक्त लोखंडी फाळ घेई आणि त्यांचं सोनं करी. प्रवरसेनाचं नाव विसरलं गेलं, पण इथं कुणी राजा होता एवढं गावानं धरून ठेवलं. कास्तकाराला परवडेल असा सारा घेणारा राजा, हेही खास आपल्याकडचं स्वप्न.

शिल्पांची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. १९३८ मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे विनोबा वर्ध्याहून पवनारला, जमनालाल बजाजांच्या नदीकाठच्या बंगल्यात राहायला आले. तिथं ते शेतात खणत असत. खणताना मूर्ती निघू लागल्या. त्यांतल्या एका शिलापटात दोन पुरुष भेटताहेत. सहा वर्षांपूर्वी, १९३२ मध्ये, धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना विनोबांनी राम-भरताच्या भेटीचं चित्र कुणी काढावं अशी इच्छा बोलून दाखवली होती : एक वनात राहिलेला, एक राज्यात राहून वनवास भोगलेला, दोघंही सारखेच. आणि तीच भेट त्यांच्या कुदळीखाली आली. मिराशींनीही या शिल्पांत रामकथाच वाचली. 'सेतुबंध' हे रामकथेवरचं प्राकृत काव्य प्रवरसेनाच्या नावावर आहे, हे लक्षात घेता ते जुळतं. ही कृष्णकथा असावी असं म्हणणारेही अभ्यासक आहेत. ते काहीही असो, ती शिल्पं आज आश्रमात आहेत. सहलीत आपण त्यांच्या शेजारून चपला हातात घेऊन गेलो होतो.

बाकीचं तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगतो. १७ ऑक्टोबर १९४० ला वैयक्तिक सत्याग्रहाचं पहिलं भाषण विनोबांनी पवनारलाच केलं. १२ फेब्रुवारी १९४८ ला गांधीजींच्या अस्थी धाममध्ये विसर्जित झाल्या. दर वर्षी त्या दिवशी तिथं मेळा भरतो. १९५९ मध्ये बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू झालं. आपण शाळा सोडल्यावर दीड वर्षानं, १५ नोव्हेंबर १९८२ ला, विनोबा गेले.

आता पस्तीस वर्षांचं सांगतो. २०१५ मध्ये मी मुलीकडे एडिंबरोला होतो. तिनं मला आगगाडीने अर्ध्या तासावरच्या नॉर्थ बेरिक या समुद्रकाठच्या छोट्या गावी नेलं. समोर समुद्रात बास रॉक नावाचा खडक, पक्ष्यांनी पांढरा झालेला. गावाबाहेर कड्यावर टँटॅलन नावाची पडकी गढी, लाल दगडाची, चौदाव्या शतकातली. तिकिटाच्या खिडकीवरच्या बाई तिच्याबद्दल अशा बोलत होत्या की वाटावं, यांच्या आजोबांनीच बांधली. मग त्यांनी सहज विचारलं, तुमच्या गावाजवळ काय जुनं आहे? मी सेवाग्राम सांगितलं. त्याहून जुनं? मला एक वाक्य नीट बोलता आलं नाही. टँटॅलनहून नऊशे वर्षांनी जुनं गाव माझ्या सायकलच्या टप्प्यात होतं, आणि त्याचं खापर माझ्या कपाटात!

परत आल्यावर वाचायला लागलो. वाचता वाचता एक स्कॉटिश माणूसही भेटला. स्टीफन हिस्लॉप, ज्याच्या नावाचं कॉलेज नागपूरला आहे. डन्स गावचा हा मिशनरी विदर्भातले दगड आणि जुनी शिळावर्तुळं शोधत हिंडे. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची वर्तुळं पाहून रात्री बोरीकडे परतताना नाल्याच्या पुरात तो बुडाला. वर्धा-नागपूर प्रवासात आपण बुटीबोरीवरून शेकडो वेळा गेलो असू.

सर आता नाहीत. असते तर आधी रागावले असते : जमिनीतून उचललेलं खापर मुकं होतं, ते कुठल्या थरातलं हे मग कुणालाच सांगता येत नाही. हे वाक्य त्यांनी त्या दिवशीही म्हटलं होतं, मी खिशात हात घालून ऐकत होतो.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला शाळेच्या फाटकापासून पवनारला जायचं ठरलं आहे. आपले गुडघे पाहता सायकली नकोत, गाडी सांगितली आहे. आधी आश्रमातली शिल्पं पाहू, मग टेकाडावर जाऊ. खापर मी सोबत आणतोय.